अण्णांचा वर राहिलेला हात

दुपारी झोपणाऱ्या बाईच्या घरात बरकत येत नाही, असं माझी सासू म्हणायची, आणि म्हणून झालं की भिंतीला टेकून खुशाल घोरायची. मला मात्र दुपारी डोळा लागायची सवय नाही. गिरणीवालीला दुपार नसतेच. पण आज जेवणं उरकता उरकता वीज गेली, जातं थांबलं, पट्टा सैल पडला, आणि मी रिकाम्या पोत्यांच्या थप्पीवर जरा अंग टाकलंय. डोळे मिटायचे नाहीत असं ठरवून मिटलेत.

झोपायचा आजचा दिवस नव्हे. तीन वाजेपर्यंत उमेदवारी अर्ज मागे घ्यायची मुदत आहे. आमच्या देवखडीच्या नगराध्यक्षपदासाठी एकजूट दलाविरुद्ध एकच अर्ज उरलाय, आणि तो माझा, शालन शिंगटेचा. तो मागे गेला की देवखडी पुन्हा बिनविरोध. दलाचे प्रमुख जयसिंग ढोणे स्वतः गाडी घेऊन येणार आहेत, मला कचेरीपर्यंत सोडायला. 'सोडायला' हा त्यांचाच शब्द. माझ्या पायांची एवढी काळजी माझ्या आईनंही केली नव्हती.

अर्ज भरल्यापासून गिरणीवर दळण येत नाही. समोरच्या पानटपरीपाशी दलाची पोरं गळ्यात शिट्ट्या अडकवून उभी असतात, करत काही नाहीत, नुसती बघतात. पारूबाईंचा ज्वारीचा डबा तेवढा आलाय, तोही त्या मागच्या दारानं ठेवून गेल्या, चोरून आणल्यासारखा. आमचे यजमान, सर्जेराव, यांना विचारलं की मी काय करू, तर ते म्हणतात, "मला शपथ हाय," आणि ताटात बघतात. मला भीती वाटते. रागही येतो, आणि भीतीचा राग तर फारच येतो.

पिठाचा वास येतोय. पोत्याची सुतळी गालाला टोचतेय. पट्टा हलतोय.

पट्टा हलतोय हे मला मिटल्या डोळ्यांनी दिसतं. वीज नाही, दिवा नाही, आवाज नाही, आणि जातं फिरतंय. तोंडाशी बांधलेल्या कापडी बाहीतून पीठ पडतंय. वजनकाट्यावर अण्णा बसलेत. अण्णा म्हणजे माझे सासरे, केरबाअण्णा, गावाचे जुने नगराध्यक्ष. त्यांना जाऊन दुसरी दिवाळी झाली. अंगात तोच इस्त्रीचा सदरा आहे. डाव्या हातात पितळी डबा आहे, उजवा हात वर आहे, आणि काट्याची सुई शून्यावर आहे.

"लाइट न्हाई, तरी चाललीय," मी म्हणते.

"कुनी बंदच केली न्हाई, म्हनून चाललीय," अण्णा म्हणतात.

"अण्णा, तुम्ही बोलताय!"

कारण शेवटचे काही महिने ते बोलत नव्हते. अर्धं अंग वाऱ्यानं गेलं होतं, जीभ गेली होती. उजवा हात तेवढा शिल्लक होता, आणि तो सारखा वर जायचा. लोक समजायचे आशीर्वाद देतायत, आणि वाकायचे. ढोण्यांनी तर त्या हाताचा फोटो काढून बसस्टँडवर फ्लेक्स लावला, 'अण्णांचा आशीर्वाद, एकजूट दलाला साथ'. मी त्यांना रोज चमच्यानं पेज भरवायची. मला त्यांचे डोळे दिसायचे. आशीर्वाद देणाऱ्याचे डोळे तसे नसतात.

"बोलता येतं आता," अण्णा म्हणतात. "एकच शब्द तेवढा येत न्हाई." ते डबा पुढे करतात. "एवढं दळून दे."

डब्यात हळकुंडं आहेत.

"हळद मी घेत नाही अण्णा. पुढच्याच्या पिठाला रंग लागतो."

"लागू दे की."

मी डबा घ्यायला वाकते, तर खालची फरशी नगरपालिकेच्या सभागृहाची आहे. वर बघते तर खुर्च्या हवेत आहेत. कुणीतरी फेकल्यात, पण त्या अजून कुणाला लागलेल्या नाहीत, वरच तरंगतायत. अण्णांच्या आणि विरोधी, अशा दोन्ही गटांचे सदस्य तोंडं उघडून उभे आहेत आणि त्यांच्या तोंडून नळाला पाणी यायच्या आधी येते तशी फुसफुस येतेय. कोपऱ्यात अण्णांचे जिवलग भिकाजीराव सभेच्या कार्यक्रमपत्रिकेनं कपाळावरचं रक्त टिपतायत. त्या खुर्च्यांतली एक त्यांना तसल्या एका सभेत खरोखरच लागली होती.

"वीट आला हुता गं," अण्णा म्हणतात. "आठ-आठ दिस पानी न्हाई, रस्त्याचं बिल पास हुईना, सभा भरली की डोकी फुटायची. कोन बरोबर आन् कोन चूक, ते बघायचा सुदीक वीट आला हुता. सगळ्या गावालाच."

"म्हणून?"

"म्हनून शिट्टी गोड वाटली."

शिट्टी वाजते, आणि मी पाण्याच्या टाकीखाली रांगेत उभी आहे. डोक्यावर घागर, पुढे बायका, मागे बायका. एकजूट दलाची पोरं रांगेच्या कडेनं फिरतायत, पांढऱ्या दोरीत शिट्ट्या. कुणी घुसत नाही, कुणी शिव्या देत नाही. मला बरं वाटतं. खोटं कशाला बोलू, तेव्हाही बरं वाटलं होतं. किती वर्षांनी कुणीतरी बाईला 'मावशी, सावकाश' म्हणालं होतं.

रांग पुढे सरकते. टाकी मागे पडते, तरी रांग सरकतेच आहे. आम्ही बाजारातून चाललोय, बसस्टँडवरून, गावच्या साप्ताहिकाच्या कुलूप लावलेल्या छापखान्यावरून. शिट्टी वाजते आणि भाजीवाल्याचा तराजू वर जाता जाता थांबतो. पारावर दोघं बोलत होते, ते तोंडं तशीच ठेवून थांबतात. कुणाचंतरी तान्हं मूल रडता रडता मधेच थांबतं. शिट्टी पुन्हा वाजली की सगळं पुढे सुरू. मूल मात्र पुन्हा रडत नाही.

मी डोक्यावरची घागर खाली घेऊन आत बघते. आत पाणी नाही. पुढचीच्या घागरीतही नाही.

"सगळ्या रिकाम्याच हायत," मी म्हणते. "मग आपण रांगेत कशाला?"

पुढची वळते, आणि ती बाई नाहीच. तो वसंता टेलर आहे. जिवंत आहे तो, आमच्याच आळीत राहतो. मागच्या वर्षी पालिकेच्या सभेत उठून त्यानं एवढंच विचारलं होतं की टाकीचं पाणी एकाच आळीला जास्त का. दलाची माणसं त्याला कार्यालयात घेऊन गेली. संध्याकाळी सोडलं, अंगावर एक ओरखडा नव्हता. त्या दिवसापासून तो बोललेला नाही. त्याच्या बायकोनं मला हे सांगितलं त्या दिवशी मी अर्ज भरायचं ठरवलं. आत्ता तो माझ्याकडे बघतो आणि त्याचे ओठ शिवलेले आहेत, काजाच्या टाक्यांनी, अगदी सुबक. टाके त्याचेच आहेत. मी त्याच्या हातचं काम ओळखते.

मला ओरडायचं असतं, पण अण्णा माझ्या शेजारून चालत असतात आणि हळू आवाजात सांगत असतात, चूल पेटवता पेटवता बाई सांगते तसं.

"आमच्या गटाला वाटलं, ही पोरं त्या गटाचा काटा काढतील. त्या गटाला वाटलं, आमचा काढतील. दोघांनी बी त्यांना बैठकीत बोलावून चहा पाजला."

"आणि मग?"

"चहा पिऊन झाला, तरी ती उठलीच न्हाईत."

"तुम्ही उठा म्हणायचं होतं."

"म्हनलो की. ती म्हनाली, अण्णा, तुमीच तर बसवलं. आन् आता तुमी तरी कशाला उभं?"

रांगेच्या टोकाला खंडोबाचं देऊळ आहे. हे देऊळ मला माहीत आहे, पण बाहेरून. शपथेची बैठक इथं झाली तेव्हा आम्ही बायका मागच्या पडवीत शिरा करत होतो आणि जाळीतून नुसते पाय दिसत होते. आता मी आत आहे. हातात शिऱ्याचा उलथना आहे, साजूक तुपाचा वास येतोय, आणि मंडपात गावचे सगळे बाप्ये ओळीनं बसलेत. मधे तबक, तबकात बेलाची पानं आणि पिवळाधमक भंडारा.

त्या दिवशी काय झालं ते गावात सगळ्यांना ठाऊक आहे. अण्णांनीच सगळ्यांना गोळा केलं होतं. निवडणूक म्हटली की डोकी फुटणार, त्यापेक्षा सगळ्यांनी अर्ज मागे घ्यावेत, दलाच्या माणसांना बसू द्यावं, गाव बिनविरोध करावं. बिनविरोध म्हणजे केवढी अब्रू! पेपरात नाव येतं, मंत्री हार घालतात. कुणी उद्या फिरू नये म्हणून अण्णांनी बेलभंडारा उचलायला लावला. खंडोबाचा भंडारा हातात घेऊन दिलेला शब्द आमच्याकडे कुणी मोडत नाही. बाप मेला तरी मुलगा पाळतो.

अण्णा उठतात. उजव्या तळहातावर बेल आणि भंडारा घेऊन हात वर करतात. मागोमाग सगळे हात वर होतात, आणि सगळे एका आवाजात म्हणतात, "गावाची एकी मोडंल असं मी उभा ऱ्हानार न्हाई. गावाच्या एकीविरुद्ध बोलनार न्हाई."

आता हात खाली यायला हवेत, आणि ते येत नाहीत. भिकाजीराव वर हात तसाच ठेवून डाव्या हातानं पान लावतायत. कुणी सदऱ्याच्या एकाच बाहीत हात घातलाय, दुसरी बाही रिकामी लोंबतेय. कोपऱ्यात आमचे हे बसलेत. त्यांचाही हात वर आहे, आणि पुढ्यातला शिरा ते डाव्या हातानं खातायत. म्हणजे घरी रोज ताटात बघतात ते यासाठी, असं मला वाटतं. इतकी वर्षं एका घरात राहून मला हा हात दिसला नाही.

"ह्या एका निवडणुकीपुरतं," अण्णा माझ्या कानाशी म्हणतात. "माझ्या मनात तेवढंच हुतं. एक खेप शांततेत जाऊ दे, रस्ते हुतील, पानी यील, मग पुन्हा खुशाल भांडा. पन मी मुदत बोललोच न्हाई. म्हनायचं राहूनच गेलं. आन् एवढ्या मान्सांत एकानं बी विचारलं न्हाई."

"मग पुढच्या निवडणुकीला?"

"ढोणे म्हनला, शपथ हाय की. त्येच्या पुढच्याला बी म्हनला. पानीपट्टी वाढली, शपथ हाय. छापखाना बंद केला, शपथ हाय. मी सोडवायला गेलो, तर जीभच गेली."

"तो तुमचा न येणारा शब्द..."

"त्योच."

मला कळतं. लहानपणी आम्ही खेळात शपथ घालायचो, आणि जिनं घातली तिनंच 'सुटली' म्हणायचं असायचं. दुसरी कुणी शंभरदा म्हणाली तरी सुटत नसे. आणि ते तिनं आपल्या मनानं म्हणायचं नाही, आधी कुणीतरी विचारावं लागायचं.

मंडपातले सगळे चेहरे पुढे बघतायत. मी शपथ घेतलेली नाही. बायकांना कुणी विचारलंच नव्हतं, आम्ही शिरा ढवळत होतो. एवढ्या मोठ्या मंडपात माझेच दोन्ही हात खाली आहेत.

"अण्णा," मी मोठ्यानं म्हणते, "ही शपथ कधीपर्यंत?"

सगळी डोकी एकदम माझ्याकडे वळतात. बाहेर शिट्टी वाजते. लांब, थांबत नाही अशी. समईची ज्योत हलायची थांबते, तुपाचा वास थांबतो, माझा श्वास थांबतो. अण्णांचा चेहरा तेवढा हलतो. ते तोंड उघडतात, आणि त्यांच्या तोंडातून शिट्टी येते.

ते पुन्हा तोंड उघडतात. पुन्हा शिट्टी. त्यांचे डोळे तेच आहेत, पेज भरवताना माझ्याकडे बघायचे तेच. मला इतकं रडू येतं. म्हणजे तेव्हा, त्या खाटेवर, महिनोन् महिने, ते हेच म्हणत होते. आणि आम्ही वाकून पाया पडत होतो.

मी उलथना टाकते आणि त्यांचा वर राहिलेला हात दोन्ही हातांनी धरते. हात थंडगार आहे आणि जात्याच्या तळीसारखा जड आहे. मी ओढते. हलत नाही. पायाखाली पीठ आहे, मी घसरते, पुन्हा धरते.

"म्हणा अण्णा. मी विचारलंय ना? म्हणा."

कापडी बाहीतून पीठ पडताना होतो तेवढाच आवाज होतो.

"सुटली."

हात एकदम खाली येतो आणि माझ्या तळहातावर पडतो. भंडारा ऊन आहे. आम्ही गिरणीत आहोत, जातं थांबलंय, अण्णा काट्यावर बसलेत आणि दोन्ही हात मांडीवर ठेवून नुसते आपल्या हातांकडे बघतायत. हसतायत, मला वाटतं.

"आता बाकीच्यांचं?" मी विचारते. "त्यांचे हात वरच हायत."

"त्यांना सांग. मला काय आता घरोघरी जाता येत न्हाई."

"आणि माझा अर्ज? ढोणे येतोय. मागे घेऊ का ठेवू? तुम्ही सांगाल तसं करते."

काट्याची सुई थरथरते, जणू कुणीतरी नुकतंच उतरलंय.

"ते तुझं तू बघ, शालन," ते म्हणतात. "मी आता कुनाला कसली शपथ घालनार न्हाई."

कुणीतरी दार वाजवतंय. अण्णा, दार वाजतंय, मी म्हणते. दार वाजतंच राहतं.

दार खरंच वाजतंय. शटर अर्धं वर जातं आणि उन्हाची पट्टी पोत्यांपर्यंत येते. माझ्या गालावर सुतळीचा वळ आहे, घसा कोरडा पडलाय, जातं थंड आहे. वजनकाट्यावर कुणी नाही. आधी सर्जेराव आत येतात, मान खाली. त्यांच्या मागून ढोणे, पांढरे कपडे, हसरा चेहरा, गळ्यात शिट्टी. शिट्टी चांदीची आहे. हातात तबक.

"वहिनी, झोपमोड केली," ढोणे म्हणतात. "गाडी बाहेर उभी आहे. म्हटलं, निघण्याआधी हेही उरकून घेऊ. त्या वेळी बायकांना विचारायचं राहूनच गेलं होतं. चूक झाली आमची."

तबकात बेलाची पानं आणि भंडारा. त्यांनाही मी स्वप्नात दिसले की काय?

"उचला वहिनी. देवाचं काम आहे. उशीर नको, तीनला कचेरीची खिडकी बंद होते."

सर्जेराव भिंतीकडे बघतात. मी पदर सावरायला उजवा हात वर घेते, आणि ढोण्यांचं हसू थोडं हलतं. ते माझ्या हाताकडे बघतायत. मग मीही बघते.

तळहात पिवळा आहे. बोटांच्या पेरांपासून मनगटापर्यंत, रेषांमध्ये भरलेला, पदरावरही पाच बोटं उमटलीत. माझ्या गिरणीत हळद येत नाही. सकाळपासून मी ज्वारीखेरीज कशाला हात लावलेला नाही.

"हे कुणी दिलं?" ढोणे विचारतात. आवाज अजून गोडच आहे, पण घाईचा.

"अण्णांनी."

सर्जेराव भिंतीकडून वळतात. किती दिवसांनी माझ्या तोंडाकडे बघतायत. पुढे येतात, माझा हात हातात घेतात, नाकाशी नेतात. देवळातल्या भंडाऱ्याचा वास त्यांना पाठ आहे.

"काय म्हनले?" ते विचारतात. आवाज अगदी लहान पोरासारखा. "शालन, अण्णा काय म्हनले?"

"सुटली म्हणाले."

"खरंच म्हनले?"

"मी विचारलं, कधीपर्यंत. तेव्हा म्हणाले."

सर्जेराव खालचा ओठ दाताखाली धरतात. मग ढोण्यांच्या हातातलं तबक दोन्ही हातांनी घेतात, कपाळाला लावतात, आणि गिरणीतल्या देवाच्या फळीवर नीट ठेवतात, कारण देवाचं आहे, जमिनीवर ठेवू नये. ढोणे काहीतरी म्हणायला लागतात, खिडकी, गाडी, गावाची एकी, आणि तेवढ्यात वीज येते. सर्जेराव पारूबाईंचा डबा उजव्या हातानं उचलतात, वर ओततात आणि खटका दाबतात. जातं धडधडायला लागतं. आमच्या गिरणीचा आवाज म्हणजे काय विचारता, शेजारच्या घरात भांडी हलतात. ढोण्यांचे ओठ हलतायत. मग ते शिट्टी तोंडाला लावतात, गाल फुगतात, मानेची शीर ताठ होते. मला काही ऐकू येत नाही.

ते गेले केव्हा ते मी पाहिलं नाही. मी पीठ हलवत होते. उद्यापासून या गिरणीवर कुत्रंही फिरकणार नाही, किंवा उद्या गिरणीच असणार नाही, हे मला कळत होतं. घड्याळाकडे मी बघितलं तेव्हा तीन वाजून गेले होते.

तेवढ्यात पारूबाई आल्या. पुढच्या दारानं आल्या, टपरीवरची पोरं बघत असताना. मी डबा पुढे केला, तर त्यांनी तो घेतला नाही. माझा हात धरला, उलटासुलटा करून बघितला. बाहेर उभ्या असताना त्यांनी किती ऐकलं होतं कुणास ठाऊक. त्यांनी माझ्या कानाशी तोंड आणलं, गिरणीच्या आवाजात ओरडावं लागू नये म्हणून.

"म्हंजी आमच्या ह्यांची बी सुटली का गं?"